काठावर थांबलेले रूळ

मंगळवार, १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. माझा गुडघा दुखतो, पण तो तू येत-जात होतास तेव्हाही दुखायचा. तू, धाकटी आणि तुमची लेक बरे असाल, असं धरून चालतो.

इतक्या वर्षांनी दादाचं पत्र कसं काय, असं तुला वाटेल. वाटू दे. मला मायेचा पाझर वगैरे फुटलेला नाही. मला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे आणि त्याचं सरळ उत्तर हवं आहे. तुझ्या वहिनीच्या आणि धाकटीच्या आडून तू माझ्या आगगाडीच्या डब्यांवर डोळा ठेवून आहेस का?

प्रकरण पहिल्यापासून मांडतो, म्हणजे मागाहून ‘दादा, मला काही कल्पनाच नव्हती’ असं म्हणायला तुला जागा उरणार नाही.

मी निवृत्त झालो. उभी हयात कारखान्याच्या गेटवर बोलण्यात घालवलेला माणूस घरी बसला की काय होतं, ते तुला ठाऊक नाही. मी दूधवाल्याला संघटनेचं महत्त्व पटवून द्यायला लागलो. तो बिचारा किटली घेऊन मान हलवत उभा राहायचा आणि खालच्या मजल्यावरचे लोक चहावाचून खोळंबायचे. तुझ्या वहिनीने काही दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी तिने शिलाई मशीन फरफटत पॅसेजमध्ये नेलं आणि मला म्हणाली, “ही खोली घ्या. माळ्यावरून बाबांच्या खेळण्यातल्या गाडीचे डबे काढा, रूळ मांडा, काय हवं ते करा. पण त्या माणसाला दूध वाटू द्या.”

आता तूच विचार कर. लग्न झाल्यापासून या बाईने मला भिंतीत एक खिळा ठोकू दिलेला नाही. ती मला अख्खी खोली देते? हसत देते?

आणि तेवढ्यावर थांबत नाही. डोंगर करायला मी वर्तमानपत्राचे बोळे चिकटवत बसलो होतो, तर जुनी चादर प्लास्टरमध्ये भिजवून हिने दुपारभरात अशी डोंगररांग उठवली, की मी बघतच राहिलो. सुताराकडून भुसा आणून तो हिरवा रंगवला, त्याचं गवत झालं. फलाटावरच्या माणसांना कपडे शिवले. नखाएवढ्या माणसांना! एका बाईला पदरसुद्धा आहे. मी आयुष्यभर मालकांशी वाटाघाटी केल्या आहेत. समोरचा न मागता देऊ लागला, की टेबलाखाली वाकून बघावं, हे मला कोणी शिकवायला नको.

मी वाकून बघितलं. टेबलाच्या पायांना बिजागऱ्या होत्या. “घडीचे असले की खालून पुसता येतं,” म्हणे. टेबलाची रुंदीही दारातून निघेल एवढीच हवी, हा तिचाच हट्ट. मग आला रुळांचा प्रश्न. मी छान गोल फिरवत आणले होते.

“अहो, एक लाइन त्या टोकाला काठापर्यंत न्या ना.”

“काठापर्यंत? आणि पुढे?”

“पुढे काही नाही.”

“गाडी काय भिंतीत शिरणार? जगात कोणी असा रेल्वेमार्ग बांधतं का?”

“तुम्ही बांधा तर.”

बांधला. हजार माणसांच्या सभेला गप्प करणारा मी, या तीन शब्दांपुढे माझं काही चालत नाही.

परवा तिने नवीनच काढलं. येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन आहे आणि आपलं टेबल तिथे जाणार आहे. मी विचारलं, कोणी ठरवलं? “ठरलंय,” म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. त्या वाचनालयात पुस्तकं देणारी बाई कोण, हे मी तुला सांगायला हवं का? ती तुझ्या घरात राहते.

म्हणून विचारतो. हा तुझा डाव असेल तर नीट ऐक. डबे माझे आहेत. बाबांनी पत्रा कापून केलेले, सायकलचे आरे वाकवून त्यांचे जोडायचे आकडे केलेले. बाबांनी विकत आणलेलं ते एकच इंजिन सोडलं, तर दुसरं कुठलंही त्यांना जोडता येत नाही. मी नवी आणून पाहिली आहेत. ते इंजिन तुझ्याकडे आहे. ते तुझ्याकडे कसं गेलं, तेही सांगतो, कारण तुझी आठवण सोयीपुरती चालते. स्टेशनवर रुळांचे सांधे बदलण्यात बाबांचं सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे घरातसुद्धा त्यांचे नियम होते. तू ड्रायव्हर, मी गार्ड. गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. तू कधी थांबायचास? कधीच नाही. आणि बाबा गेल्यावर मी खाली आल्यागेल्यांशी बोलत उभा होतो, तेव्हा तू वर जाऊन इंजिन पिशवीत घातलंस आणि मागच्या जिन्याने निघून गेलास. मला न विचारता. त्यावर फोनवर मी जे बोललो, ते बोललो. त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही.

तेव्हा ठरव. रविवारी मी टेबल नेईन, पण डबे घरी कुलपात ठेवून

गुरुवार

वरचं वाक्य तसंच राहू देतो. कारण कळेल.

काल सकाळी लख्ख ऊन होतं आणि तुझी वहिनी छत्री घेऊन बाहेर निघाली. “गुंड्या आणायला जाते.” गुंड्यांना छत्री? त्याच्या जरा आधीच ती छत्री टेबलाच्या पायाशी उभी धरून, कपड्यावर खुणा करायच्या खडूने तिच्यावर रेघ ओढताना मी तिला पाहिलं होतं. मी चपला घातल्या. ती गेली त्याच्या पुढच्या बसने गेलो. कुठे उतरायचं, ते मला माहीत होतं. तेवढं मी विसरलेलो नाही.

तुझ्या गल्लीत सामान पोचवणारी एक व्हॅन उभी होती. मी तिच्या आडोशाला थांबलो. हसू नकोस. तुझी वहिनी मागच्या दाराशी वाट बघत उभी होती. थोड्या वेळाने धाकटी बाहेर आली. तुझ्या वहिनीने छत्री दिली आणि ती पायरीवर बसली. जसं काही रोजचंच आहे. धाकटी छत्री घेऊन गॅरेजमध्ये गेली. शटर अर्धं वर होतं.

आणि मग तुझा आवाज आला.

“छत्रीने टेबल मोजतात का कधी? आणि ही लाइन काठावरून खाली कोसळणार आहे, कळतंय का? जगात कोणी असा रेल्वेमार्ग बांधतं का?”

“तुम्ही बांधा तर.”

धाकट्या, मी भर रस्त्यात उभ्या उभ्या माझी केस हरलो.

मी तुला सूत्रधार समजत होतो. तू तर माझ्यासारखाच निघालास. तुलाही गॅरेज मिळालं, तुझ्याही टेबलाच्या पायांना बिजागऱ्या बसल्या, तुझ्याही फलाटावर शिवलेले कपडे घातलेली माणसं उभी आहेत आणि ते टाके कोणाच्या हातचे आहेत, हे मला लांबून ओळखता येतं. दोन घरांत दोन अर्धवट रेल्वे उभ्या राहिल्या आणि दोन शहाण्या माणसांना पत्ता लागला नाही. माझ्या युनियनमध्ये अशा दोघी असत्या, तर एकही संप फसला नसता.

शटरखालून तुझं टेबल दिसलं. इंजिन अगदी काठाशी उभं होतं, तोंड बाहेर करून. त्याच्यामागे काहीच नव्हतं. इंजिन तू चांगलं ठेवलं आहेस. पितळ चकचकीत आहे. स्वतःला मात्र नीट ठेवलेलं नाहीस. पाठीत वाकला आहेस आणि केस सगळे गेले. डोळ्यांपाशी भिंग धरून काम करत होतास, तेव्हा क्षणभर मला वाटलं, बाबाच बसलेत.

माझेही डबे काठाशीच उभे आहेत. हे मी मंगळवारी लिहिलं नव्हतं. रोज रात्री दिवा मालवण्याआधी मी ते तिथे नेऊन ठेवतो. का, ते विचारू नकोस.

तेवढ्यात व्हॅन निघून गेली आणि मी उघडा पडलो. तुझी पाठ होती. तुझ्या वहिनीची नव्हती. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. तिने पायरीवरून उठून मान फिरवली आणि धाकटीला हाक मारली, “अगं, उशीर होतोय, गुंड्या घ्यायच्यात.” संध्याकाळी मीच म्हणालो, “मिळाल्या का गुंड्या?” तर म्हणे, “मिळतील असं वाटतंय.”

आता कामाचं. छत्रीचं टोक गोल असतं आणि तुझ्या गॅरेजची फरशी उतरती आहे. माझ्या अंदाजाने तुझं टेबल माझ्या टेबलापेक्षा बोटभर खाली राहणार. पायांना हात लावू नकोस, तू घाईत काहीतरी मोडशील. रविवारी मी लाकडाच्या पाचरी आणतो, आपण दोघं हॉलमध्येच बसवू. रुळांची टोकं घासायला बारीक कानस तू आण, तुझी चांगली आहे. आणि त्या दोघींना काहीच सांगायचं नाही. आपण तिथे अचानक समोरासमोर आल्याचं नाटक करायचं. मी थोडं ओरडेन. तूही ओरड. त्यांनी एवढी मेहनत घेतली आहे, एकदम गोड बोललो तर त्यांना संशय येईल.

इंजिन कोणी नेलं आणि कसं नेलं, यावरचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही. तो गाडी धावायला लागल्यावर मांडीन.

माझा संशय मात्र संपला नाही, फक्त त्याने घर बदललं. आज सकाळी माझ्या टेबलावर तिकीट लावलेलं कोरं पाकीट आलं. मी मागितलं नव्हतं. आणि सध्या तुझी वहिनी शाळेचे पांढरे शर्ट शिवते आहे, सगळी टोपली पांढऱ्या कापडाने भरलेली असते. मग तिच्यात अगदी वर, माझ्या हाताशी येईल असा, हिरव्या कापडाचा एक तुकडा कुठून आला? नीट चौकोनी कापलेला, कडेला दुमडून शिवलेला. मी विचारलं नाही. तिने मान वर केली नाही.

तो तुकडा या पाकिटात घातला आहे. तो काय आहे, हे तुला कळेल. इतकी वर्षं तू थांबलास, हे मला कालच कळलं.

सावकाश नीघ.

तुझा,
गार्ड