गरुड अमृत प्याला का

आबा, पाहुण्यांच्या आधी चुलतजाऊच येऊन बसली, ठेवणीतलं पातळ नेसून, जसं काही ते तिलाच बघायला येणार होते. माझा नातू लोणी देवकरला साखर कारखान्यात आहे, तिथं इंडोनेशिया म्हणून लांबच्या देशातनं नवराबायको मशीन बसवायला आलेत. त्यांना ऊस बघायचा होता, म्हणून नातवानं लासुर्ण्याला घरी आणलं. बाईच्या डोक्याला घट्ट रुमाल, बोलणं गोड, पण मला एक अक्षर कळेना. नातूच मधे बसून सांगत होता. तिच्या पर्सला बिल्ला होता, त्यावर सोनेरी पक्षी. चहा ठेवता ठेवता मी म्हटलं, "ह्यो तर गरुड हाय." बाई उठून उभीच राहिली. आपल्या नोटेवर सिंह असतात ना, तशी ती त्यांच्या देशाची निशाणी.

मग मी कसली थांबते? गरुडाची गोष्टच सुरू केली. जाऊ म्हणाली, "झालं, आता पाहुणे मुक्कामालाच." माझ्या लहानपणी तुम्ही घायपाताचा दोर वळायचात, मी दुसऱ्या टोकाला पीळ देत उभी, आणि गोष्ट चालायची ती दोर संपेपर्यंत. पैजेत हरून गरुडाची आई सवतीची दासी झाली, तिला सोडवायला तो स्वर्गात अमृत आणायला गेला, कुंभ उचलला, की दोर संपला. दरवेळी गरुड तिथंच. आणि ही बाई विचारते, मग तो स्वतः प्याला का? सगळं घर माझ्याकडं बघतंय. चुकीचं सांगावं तर दुसऱ्याच्या देशाची निशाणी खोटी पडायची, आणि जाऊला वर्षभर बोलायला मिळायचं. तेवढ्यात तुम्ही डोळ्यांपुढं आलात. गुऱ्हाळातनं ऊन गूळ पानावर आणायचात, बोटाला लागलेलाही चाटायचा नाही, आधी आजीच्या, तुमच्या आईच्या, हातावर. मी म्हटलं, "थेंबसुदीक न्हाय प्याला. आईसाठी आणलेलं व्हतं त्ये."

नातवानं सांगितलं तशी बाईनं डोळे पुसले. त्यांच्याकडंही असंच सांगतात म्हणे. त्यानं आईला सोडवलं, त्यांचा देशही परक्यांच्या हाताखालनं सुटला, म्हणून तो निशाणीवर. पंज्यातल्या पट्टीवर लिहिलंय, निराळे असलो तरी एकच. तेही कुठल्या जुन्या राजपुत्राच्या गोष्टीतलं. जाऊनं विचारलं, "तुला गं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या आबांनी, पार शेवटापर्यंत.

तुम्ही गेलात, आता हा कागद कुठं धाडणार, गव्हाच्या डब्यात ठेवते. पण आबा, शेवट तुम्ही सांगितलाच नव्हता. मी जोडला आणि तुमच्या नावावर घातला. राजपुत्राची गोष्ट सांगायला बाई रविवारी परत येतेय.