अव्वाचं बटन

कोल्हापूर, गुरुवार

चि. वीरेश यास थोरल्या भावाचा आशीर्वाद. वि. वि. इथं आम्ही तिघंही धडधाकट आहोत, फक्त माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात (कारण पुढं येईलच). तुझा गुडघा, उसाची तोड आणि गाभण म्हैस, तिन्हींचं कसं काय ते कळव. फोनच केला असता, पण तुझ्याकडं फोन कायम स्पीकरवर आणि माझ्याकडं अव्वा कायम शेजारी. म्हणून हे पत्र कोडोलीला निघालेल्या सयाजीच्या खिशात घालतोय.

रविवारी तू गाडी घेऊन अव्वाला न्यायला येणार, हे तिनं तुला परस्पर कळवलंय असं परवा कळलं. "मी चाललो कोडोलीला," एवढंच ती पंधरा दिवस म्हणत होती. लुगडी पिशवीत भरून ठेवली आहेत. कारण सांगत नव्हती. ते माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला, आणि ते माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं.

आमच्या लेकीनं, दानेश्वरीनं, पुण्याहून पंखा पाठवला. रिमोटचा, शिवाय खाली दिवा बसवलेला. भिंतीवरचं बटन कायम चालू ठेवायचं आणि बाकी सगळं रिमोटवर. पहिल्या दिवशी आम्ही नवराबायकोनं कॉटवर पडून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. पण अव्वाचं तुला माहीत हाय. दिवेलागणीला पदर सावरून उठायचं, दाराजवळचं बटन दाबायचं आणि दिव्याला हात जोडायचे. आता बटन दाबलं की दिवा राहिला बाजूला, चालू पंखाही बंद पडायचा. रिमोट हातात दिला, तर मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यावरची बारीक चित्रं दिसेनात. एकदा पंखा असा सुटला की तिच्या वाटीतली विभूती उडून वर्षाराणीच्या भाकरीवर बसली (आम्ही प्रसाद म्हणून खाल्ली).

मग एका संध्याकाळी मी कामावरून आलो, तर अव्वा अंधारात एकटी बसलेली. वर्षाराणी मागच्या अंगणात कपडे काढत होती, एक हाक मारली असती तर धावत आली असती. मी तसं म्हणालो. तर अव्वा म्हणाली, "दिवा लावायला बी सुनेला हाक मारू व्हय रे?" वीरेश, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षाराणीचं म्हणणं, भावजींना बोलवा, अर्धी कोडोली त्यांच्या वायरिंगवर चालते. पण थोरल्यानं धाकट्याला विचारायचं? कागलच्या एमआयडीसीत तेवीस वर्षं काढली आहेत मी. (स्टोअरला काढली हे खरं, पण मशीनं रोज बघतो की.) चढलो स्टुलावर. दिव्याची वायर रिमोटच्या डबीतून सोडवायची आणि वेगळ्या बटनावर घ्यायची, एवढंच काम. त्याला छतापासून बोर्डापर्यंत एक जादा वायर लागते, आणि काय सांगू, भिंतीतल्या पायपात एक लाल वायर आयतीच सापडली. कुणी पुण्यवान माझ्यासाठीच ठेवून गेला असं वाटलं. (मेन स्विच बंद केला होता. दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला विसरलो, म्हणून ती बोटं.)

संध्याकाळी अव्वानं बटन दाबलं. दिवा लागला, पंखाही फिरत राहिला. तिनं हात जोडले आणि दिव्याकडं बघून हसली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दूध नासलं. तिसऱ्या दिवशीही. वर्षाराणीनं गवळ्याला असं फैलावर घेतलं की तो बिचारा जोतिबाची आण घेऊन गेला. चौथ्या दिवशी फ्रिजमधलं इडलीचं पीठ फुगून दाराबाहेर आलं, तेव्हा उलगडा झाला. ती लाल वायर फ्रिजची होती. आता दिवा लागला तर फ्रिज चालतो, दिवा विझला की फ्रिजही बंद पडतो. आणि दिवसाउजेडी दिवा जळत ठेवील, ती आपली अव्वा न्हवंच.

तरी बोर्डाचे स्क्रू मात्र चारही सरळ बसलेत, ते येऊन बघच.

तुझा,
चनबसाप्पा

ता. क. खरं काम इथं लिहितो, वर लिहायचा धीर झाला नाही. रविवारी ये, पण न्यायला नको. टेस्टर आणि वायरचं भेंडोळं घेऊन ये, आणि सहज आलो म्हण. अव्वाला कळलं तर "माझ्यापायी दूध नासलं" म्हणून तुझ्याच गाडीत बसेल. मी थोरला असून हाक मारतोय, एवढ्यावर समजून घे.

ता. क. दुसरा. पत्र घडी घालताना अव्वा मागं उभी होती. तिला सगळं माहीत हाय. परवापासून वर्षाराणी दूध ठेवायचं असलं की तिला बटन लावायला सांगते, भाजी ठेवायची असली की सांगते, आणि अव्वा उठून, पदर सावरून लावते. मला म्हणाली, "आता दिसातनं धा येळा सून मला हाक मारत्या. त्या बटनाला हात लावशील तर बघ." लुगडी पिशवीतून कपाटात गेली आहेत. तेव्हा नुसता जेवायला ये, आणि टेस्टर घरीच ठेव.