मागे तीन भोकं असलेला टीव्ही

प्रिय बोक्या,

तुझ्या छातीत धस्स होऊ नये म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: गेला तो टीव्ही. बाबा ठणठणीत आहेत. बातम्या देणारी बाई आधी हिरवी झाली, मग जांभळी, आणि मग कायमचा अंधार. बाबांनी रीतसर वरून दोन थपडा दिल्या. इतकी वर्षं थपडांवर चाललेला तो डबा या वेळी मात्र ऐकेना.

तेव्हा नवा घेणं आलं. दुकानात भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. टाय लावलेल्या विक्रेत्याने विचारलं, घरी मुख्यतः काय पाहता? म्हटलं, वडील समोर झोपतात, टीव्ही त्यांना पाहतो. त्याला हसू आलं नाही. त्याला बहुधा हसण्याचं कमिशन मिळत नसावं. मग त्याने मला अ‍ॅपं समजावली. रेकॉर्डिंगची सोय आहे का विचारलं, तर कीव आल्यासारखा म्हणाला, ‘मॅडम, आता रेकॉर्ड कोण करतं? सगळं वर साठवलेलं असतं. हवं तेव्हा मागायचं.’ म्हटलं, आमचंही एक माणूस वर आहे, पण मागून मिळत नाही. तो पुढच्या टीव्हीकडे वळला.

मी मात्र एकच धोशा लावला होता. पाठीमागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं हवीत. त्याने असं पाहिलं, जणू मी मोटारीला घोडा जुंपायची सोय मागतेय. शेवटी कोपऱ्यातून धूळ झटकत एक मागच्या साली आलेला काढला आणि वर बजावलं, ‘पस्तावाल.’ तुझे भावजी तर मला अजून विचारतायत, ‘भिंतीकडे तोंड करून असलेली भोकं बघून तू टीव्ही कसा निवडलास?’ त्यांना सांगितलं, तुम्हालाही मी असंच निवडलं होतं, मागचापुढचा विचार करून.

तर तो टीव्ही भिंतीवर चढला, आणि शोधता शोधता त्यात आपली गुप्तहेराची मालिका सापडली! सगळे भाग, लख्ख, धुऊनपुसून ठेवल्यासारखे. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि लावली.

तुला आठवतं ना, आपण ती कशी रेकॉर्ड करायचो? नव्या कॅमेऱ्यातलं टीव्हीवर पाहायला बाबांना ती तीन शेपट्यांची वायर चालायची, पण टीव्हीवरचं वायरीने कॅमेऱ्यात उतरवायचं त्यांना मान्यच नव्हतं. टीव्हीतला करंट कॅमेऱ्यात शिरेल म्हणे. म्हणून स्टुलावर स्टूल, त्यावर कॅमेरा, आणि त्याचं तोंड टीव्हीकडे. सगळ्यांना ‘चूप’ अशी ताकीद. मग काय, मालिकेबरोबर आपलं अख्खं घर रेकॉर्ड व्हायचं: बाबांचा खोकला, माझं नाक शिंकरणं, विनोद व्हायच्या आधीच सुटणारं तुझं हसू. आणि शेवटच्या भागात, गुप्तहेर दाराच्या मुठीला हात घालतो, ऐन त्या क्षणी आईला खिडकीचा पडदा ओढायची आठवण झाली. तिची पाठ टीव्हीभर. ‘अहो, चहा टाकू का?’ ‘टाक, अर्धा कप.’ ‘आई, सरक ना गं!’ ती सरकेपर्यंत खुनी पकडलेला. बोक्या, इतकी वर्षं ती कॅसेट पाहिली, पण खुन्याचं तोंड मी परवा पहिल्यांदा पाहिलं. त्याला मिशी आहे! इतका सामान्य माणूस निघाला, की वाटलं, आईने झाकला तेच बरं केलं.

बाबांना मात्र त्या मिशीचं काही नाही. दाराच्या मुठीला हात लागला तसे ते खुर्चीत पुढे सरकून बसले. दार उघडलं, खुनी सापडला, पाट्या वर सरकल्या. बाबा म्हणाले, ‘मधलं कापलंय.’ मी पुन्हा लावलं. ‘कापलंय गं. दुकानदाराला फोन कर.’ त्यांचं डोकं शाबूत आहे, गैरसमज नको. काय कापलंय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, फक्त तोंडाने म्हणायचं नाहीये. आता ते रोज तोच भाग लावतात. हात मुठीवर आला की थांबवायचं बटण दाबतात, आणि थांबलेल्या दाराकडे पाहत बसतात. मी एकदा आतून विचारलं, चहा टाकू का? म्हणाले, ‘नको.’

आईच्या वेळी तू आलास, आणि परत जाताना घरातलं फक्त ते कॅसेटचं खोकं आणि तो कॅमेरा नेलास. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सोनं सोडून भंगार निवडणारा हा एकच दिवटा. का नेलास ते कळत होतं, म्हणून विचारलं नाही. त्यानंतर तू का आला नाहीस, तेही विचारलं नाही. दर वेळी रजेचं सांगतोस, आणि मी हं म्हणते. आता पत्राचं खरं कारण. त्या कॅसेट तिकडे कुठल्या दुकानात उतरवून घ्यायला देऊ नकोस. मी इथे चौकशी केली, तर तो कारागीर अभिमानाने म्हणाला, मागचा सगळा गोंगाट साफ करून देतो. पार्सलही करू नकोस. कॅमेरा आणि ती तीन शेपट्यांची वायर घे आणि स्वतः घेऊन ये. भोकं तयार आहेत. ‘आई, सरक ना गं’ म्हणणारा पोरगा त्या कॅसेटमध्ये आहेच. पण ते ऐकताना शेजारच्या खुर्चीत तूही असायला हवास. मला एकटीला बाबांचं ‘टाक, अर्धा कप’ ऐकवणार नाही रे.

वाट पाहणारी, तुझीच,
ताई