सिस्टर माया

नांदेड, ४ ऑगस्ट २०२४

ती. चांगुणाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आत्या, एक कबुली द्यायची आहे. तू नर्स होतीस तेव्हाचं, एसटीतल्या बाळंतपणाचं पत्र मला लिहिलं होतंस ना, ते मी फोनवरच्या माझ्या पानावर टाकलं. तुझं म्हणून नाही, माझं म्हणून. माझ्या कविता तिथं कुणी वाचत नव्हतं. मग ‘सिस्टर माया’ असं नाव घेतलं आणि अहमदपूरच्या गाडीतलं ते बाळंतपण मीच केलं असं लिहिलं. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी मी! वीस हजार लोकांनी वाचलं. आता लातूरच्या साहित्य मेळाव्यानं सिस्टर मायाला बोलावलंय, आणि मला हे खोटं पुढं रेटवत नाही. बाबा गेल्यापासून सांगायला तूच आहेस. रागव, पण पत्र पाठव.

तुझी,
महामाया

चाकूर, ९ ऑगस्ट

चि. महामायास अनेक आशीर्वाद.

शेजारच्या इंदूच्या फोनवर तुझं ते पान वाचलं. लई राग आला. पत्र घेतलंस त्याचा कमी. तू लिहिलंस, हात जराही कापले न्हाईत. अगं, लई कापत होते! नाळ बांधता येईना. तेव्हा त्या बाळंतिणीच्या सासूनं, साखराबाईनं, माझी मनगटं धरली अन् म्हणाली, की बाई, घाबरू नका, मी हाय. त्या जोरावर गाठ बसली. तू तर त्या म्हातारीला गाडीतूनच उतरवलंस!

त्याच पानावर खरं लिही. लोकं जातील, जाऊ दे. मी कुठं जात न्हाई.

तुझी आत्या

नांदेड, १९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

लिहिलं. साखराबाईंसकट सगळं, तुझ्या नावानं. लोकांनी खोटारडी म्हटलं, हजारो सोडून गेले. दोन दिवस नुसती रडले. मेळाव्यालाही येत नाही म्हणून कळवलं. तर तिथल्या महानंदाताईंचा फोन आला, की दोघी या. पत्र तू वाचायचं, आणि मी माझं स्वतःचं काही. आत्या, माझं स्वतःचं काय, हेच मला ठाऊक नव्हतं. काल सापडलं. वाचताना मला तू दिसायला हवीस. समोर बस.

तुझ्या मायेची भुकेली,
महामाया

चाकूर, २६ ऑगस्ट

चि. महामायास आशीर्वाद अन् शाबासकी.

कालच्या मेळाव्यापासून आनंद पोटात मावंना. माझ्या पत्राला टाळ्या पडल्या, बरं वाटलं. पण तुझं! पानावरच्या फोटोसाठी मैत्रिणीचा पांढरा कोट घालून, आरशापुढं उभी राहून सिस्टर कशी हसते याचा सराव केलास, ते वाचलंस तेव्हा लोकं पोट धरून हसले. मग तू वाचलंस, की त्या फोटोतली बाई सगळ्यांना आवडली अन् मला तिचा हेवा वाटला. पुढं बसलेल्या कॉलेजच्या पोरींनी हातातले फोन मांडीवर पालथे ठेवले. अन् मग अख्खा हॉल उभा राहिला, पोरी. तुझ्यासाठी.

टाळ्या वाजवायच्या नादात माझ्या चपला खुर्चीखालीच राहिल्या. लातूर ते चाकूर अनवाणी आले, अन् सगळ्या गाडीला सांगत आले, की ती माझी भाची हाय.

तुझीच,
चांगुणाआत्या