टूर पुढे गेली

१० नोव्हें. रवि.
झोप नाय. काल पण नाय. सनाला दात येतायत, ती किरकिर करते, पण झोप त्यानं नाय गेली. ह्यांचा व्हॉइस मेसेज आला त्यात दात वाजत होते. घानात आपल्या बहरीनपेक्षा उकाडा, हे स्वतःच बोललेले. मी विचारलं ताप हाय काय, तर "एसीत बसलोय गं." आचारी माणूस एसीत कधी बसला?
सारखा तोच मेसेज लावते. कानाला धरून.

काय ती टूरची मंडळी पण. लांब घानाला जायचं, राजाचा महाल बघायचा, ढोल-नाच बघायचे, आणि सकाळी पोहे पायजेत. म्हणून टूर कंपनी आचारी बरोबर देते. ह्या खेपेला ह्यांचं नाव लागलं. किती खूश होते.

११ सोम.
टूरच्या ग्रुपात ह्यांनी मला पण घातलंय, फोटो बघायला. आज कापड विणायचं गाव. पट्ट्या पट्ट्या विणतात आणि मग जोडतात, पिवळा हिरवा लाल, डोळे दिपतात. सगळ्या बायका अंगावर घेऊन उभ्या. हे एका पण फोटोत नाय. एकेक मोठा करून बघितला. शेवटी सापडले. बसच्या मागे एक माणूस उकिडवा बसलाय, डोकं गुडघ्यात. शर्ट मी इस्त्री केलेला.
फोन केला. बोलले, "कुणाला बोलू नको. मॅनेजरला कळलं तर दुसरा आचारी बघतील. व्हिसा रिन्यू व्हायचाय, सना."
मला सना बोलले. मी नसीम.

१२ मंगळ.
सकाळी हे हॉटेलच्या किचनात पडले. चूल पेटती.
फोन गाइडने केला, क्वामे नाव. ह्यांच्याच फोनवरून, म्हणून मी हसत उचलला. इंग्लिश बोलतो, सावकाश बोलतो माझ्यासाठी. कुमासी गावातल्या हॉस्पिटलात नेलंय. मलेरिया. तेवढं कळलं.
मग विचारतो, "हाऊ इज आफुआ?" सनाला बोलतो तो. तिकडे ज्या वारी पोर होतं त्या वाराचं नाव ठेवतात. पहिल्या दिवशी टूरवाल्या सगळ्यांना नावं दिली, ढोल वाजवून. ह्यांनी सनासाठी पण मागितलं, ती शुक्रवारची, म्हणून आफुआ. ह्यांना स्वतःचा वार माहीत नाय, हर्णैत कोण लिहून ठेवतो. तर क्वामे बोलला, माझाच वार घे. शनिवार. त्या दिवशी किती हसून सांगत होते मला.

ग्रुपात मेसेज: इरफानला जरा बरं नाही, आराम करतोय. उद्या बस सातला, ब्रेकफास्ट हॉटेलचाच. खाली सगळ्यांचे अंगठे. एकाने लिहिलं, पोहे मिस करणार, आणि रडकं तोंड.

१३ बुध.
टूर पुढे गेली. हे मागे राहिले.
क्वामेने टूरवाल्यांना दुसरा गाइड दिला आणि स्वतः ह्यांच्यापाशी थांबला. का थांबला काय माहीत. ह्यांचा तो कोण?
टूर कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला, इथे बहरीनात सीफला ऑफिस आहे तिकडे. "टेन्शन मत लो बहन. मलेरिया उधर सर्दी जैसा है. इंशाल्ला दो दिन में खड़ा हो जाएगा."
संध्याकाळी फोटो आले. समुद्रावरचा पांढरा किल्ला. खाली मचवे, रंगवलेले, हर्णैच्या बंदरात असतात तसेच. किल्ल्यात एक बारकं दार, त्यातनं माणसं गलबतात भरून विकायला न्यायचे. कोणीतरी लिहिलंय, "या दारातून गेलेला परत आला नाही. खूप इमोशनल वाटलं." आणि खाली त्याच दारात सगळे उभे, दात काढून.
मी फोन पालथा ठेवला.

१४ गुरु.
जोशी काकूंचा फोन. टूरवाल्याच त्या, एरवी इथे बहरीनातच जनाबियाला राहतात, नवरा बँकेत. त्यांना ह्यांच्या हातची साबुदाण्याची खिचडी आवडते. कधी फोन करत नायत. आधी नुसतं नाक ओढलं.
"नसीम, माझी बॅग विमानात हरवली गं. मलेरियाच्या गोळ्या त्यातच होत्या. इरफानने मला त्याच्या दिल्या. मी म्हटलं, आणि तुला रे? तर म्हणाला, काकू, मला डास चावत नाहीत, माझं रक्त कोकणातलं."
हसले असतील दोघं.
मी बोलली, "तुम्ही जेवलात काय?"
फोन ठेवला. जेवलात काय! असं का विचारलं मी? ओरडायला पायजे होतं. काकू चांगल्या आहेत. सनाला टोपरं विणलंन. पण गोळ्या घेताना

१५ शुक्र.
क्वामे: किडनी चालत नाय. मशीन पायजे. इथलं बिघडलंय, राजधानीत अक्राला न्यायला हवं. डॉक्टर तयार, गाडी तयार, पण कंपनीने खर्चाला हो बोलायला पायजे, तरच तिकडचं हॉस्पिटल घेईल. मी तीनतीनदा विचारलं, तो तीनतीनदा बोलला.
मॅनेजर: "आज तो फ्रायडे है, बहन." शुक्रवारी इथे ऑफिसं बंद.
मग क्वामेने फोन ह्यांच्या तोंडाशी धरला. घरघर. मी सनाला जवळ धरली, बोल अब्बा, बोल. ती बा बा करत होती. हे बोलले, "गॅस बंद कर." परत, "गॅस बंद कर, करपतंय."
मी किचनात जाऊन बघून आली. गॅस बंदच होता.

१६ शनि.
टूर परत आली. एअरपोर्टवरचा फोटो, गळ्यात ती कापडं. ट्रिप ऑफ अ लाइफटाइम. काकू फोटोत नायत.
मॅनेजरने आज स्वतः फोन केला. बोलणं गोड. इन्शुरन्स गेस्ट लोकांचा होता, स्टाफचा मफी, म्हणजे नायच. मालक बाहेर आहे, तो आला की बघू. मी बोलली, तोपर्यंत माणूस राहील काय? तर आवाज बदलला. "देखो, इंडिया में अभी किसी को मत बोलना. बात बढ़ी तो तुम्हारा व्हिसा भी उसी के नाम पे है. छोटा बच्चा लेके किधर जाओगी?"
हो बोलली मी. जी साहेब बोलली.
भाईचा खेडहून फोन आला होता, माझा सख्खा भाऊ. सगळं बरं हाय बोलली. तो बोलला, आवाज असा का? बोलली, सर्दी.

१७ रवि.
क्वामेचा मेसेज पहाटे. "सिस्टर, ही इज ट्राइंग. प्लीज बी क्विक."

क्विक म्हणजे काय ते कळतं मला.

सनाला घेऊन सीफला जाते. आमच्या सनाबिस भागातनं लांब नाय, चालत जाईन. ऑफिसात जाऊन खाली बसणार. हो बोलले तरच उठणार. मला बोलता येत नाय, सातवी शाळा, इंग्लिश नाय, पण बसता येतं. पोलीस बोलवतील बोलवले तर. त्याचीच भीती वाटते. सनाचं दूध, दुपटी, ह्यांच्या सीपीआर कार्डाचा, इथल्या ओळखपत्राचा, फोटो, सगळं पिशवीत घेतलं.
हो बोलतील असं वाटत नाय. खरं लिहायचं तर उशीर झालाय असंच वाटतंय. पण घरात बसून फोनकडे बघवत नाय.

वरच्या शबाना आपाकडे चावी आहे. ही वही ओट्यावर उघडी ठेवते. आपा, नायतर जो कोण आत येईल, मी संध्याकाळपर्यंत आली नाय तर माझ्या भाईला फोन करा. रहीम नाव. नंबर फ्रिजवर चिकटवलाय. त्याला सांगा, मी खोटं बोलली, सर्दी नव्हती. सांगा इरफान कुमासीच्या हॉस्पिटलात आहे, तिकडे क्वामे म्हणून माणूस आहे, त्याला फोन लाव, इरफानच्याच नंबरवर. माझं नंतर. आधी त्याला लावायला सांगा. भाई पहिल्यांदा उचलणार नाय, बाहेरचा नंबर बघून कापतो. परत करा. उचलेपर्यंत करा.