लाल दांडीची राहिलेली वायर

सोमवार, ता. ९

ती. दादास,
सा. न.

पत्र वहिनी वाचून दाखवेल, म्हणून अक्षर नीट काढतोय. इकडे सगळे बरे आहोत. आईच्या गुडघ्याला शेक चालू आहे. तुझ्या हातांच्या पट्ट्या कमी केल्या असं वहिनी फोनवर म्हणाली. बरं झालं. फोनवर माझं नेहमी एवढ्यावरच आटपतं.

मागच्या आठवड्यात शेड उघडली. गाडीचा सांगाडा कोपऱ्यात तसाच आहे. तीन वर्षं एकेक पाइप वाकवून तू बांधलेली गाडी, आता नुसता हात लावला तरी बोट काळं होतं. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. झाडू मारला, चहा केला आणि डॅशबोर्डमागची जळकी वायरिंग सोडवायला बसलो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी अल्टरनेटर बॅटरी चार्जच करत नव्हता. आपण दुपारभर शोधलं आणि शेवटी चार्जिंगचा दिवा उडालेला निघाला. त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला जागं करणारा थोडासा करंट जातो. मी नवा दिवा लावला, तू पाठ थोपटलीस. "घरातच इलेक्ट्रिशियन असल्यावर काय!" मी खूश झालो आणि उरलेलं काम उद्यावर टाकलं.

उरलेलं काम लाल दांडीचं होतं. बाहेरून ती ओढली की गाडी जागच्या जागी बंद पडली पाहिजे. त्या स्विचला दोन मोठी टोकं बॅटरीची, आणि दोन छोटी, इंजिनाची ठिणगी तोडायला. छोट्यांची वायर सकाळी जोडू म्हटलं. सकाळी विसरलो. तपासनिसाने इंजिन बंद असताना दांडी ओढली, दिवे गेले, त्याने शिक्का मारला. तू हेल्मेट चढवताना विचारलंस, "इंजिन चालू ठेवून बघितलंस ना?"

मी "हो" म्हणालो.

बघितलं नव्हतं.

बॅटरीची जोडणी तुटली तरी इंजिन फिरत असेल तर अल्टरनेटरही फिरतो, आणि तोच मग ठिणगीला नि पेट्रोलच्या पंपाला करंट पुरवत राहतो. तू वळणावर टायरांच्या भिंतीत घुसलास, पेट्रोलची नळी फाटली. ट्रॅकवरच्या माणसाने धावत येऊन दांडी ओढली. पंप तरीही ओततच राहिला, गरम सायलेन्सरवर.

शर्यतीच्या चौकशी समितीने लिहिलं की त्या माणसाने घाबरून दांडी ओढलीच नाही. त्याला कामावरून काढलं. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, काही आठवत नाही. तुला आठवतं, दादा. माझं ते "हो"सुद्धा आठवतं.

वहिनी, इथे थांबू नकोस, पुढे वाच.

परवा मी त्या माणसाच्या घरी गेलो. पन्नाशीचा आहे. भुवई जळली होती, ती अर्धीच उगवली आहे. दारातच उभ्याउभ्या मी सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"म्हणजे मी ओढली होती?"

"ओढली होती."

त्याने आत हाक मारली. "अगं, बाहेर ये. हे काय सांगतायत ते ऐक." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "परत सांगा."

मी परत सांगितलं. ती पदराने हात पुसत ऐकत राहिली. त्यांनी मला आत बोलावलं नाही. शिवीही दिली नाही.

आज सकाळी समितीला सगळं लिहून दिलं, तो स्विचही दिला. कारकुनाने पोच दिली. बाहेर येऊन बाकावर बसलो. मोकळं वाटेल असा अंदाज होता, पण काहीच वाटलं नाही. समोर एक बस आली, माणसं उतरली, बस गेली.

तुझी माफी मागायला हवी एवढं कळतं. दोनदा लिहून पाहिलं. दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून खोडलं.

समितीचा माणूस या आठवड्यात तुझ्याकडे परत येईल. मला वाचवू नकोस. या वेळी तुला आठवू दे.

धाकटा