डोरोथी आजींचा डबा

२४ डिसेंबर, ईडन प्रेरी

शेजारच्या डोरोथी आजींच्या घरावर यंदा दिवे नाहीत. बर्फात चालवेना, म्हणून गेल्या महिन्यात मुलाने त्यांना दूर, उन्हाच्या चँडलरला नेलं. निघायच्या दिवशी त्या कुकीजचा लाल डबा देऊन गेल्या. ख्रिसमसच्या कुकीज, महिनाभर आधी!

आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी त्यांनी हाच डबा दिला होता. रिकामा कसा परत करायचा? मी बेसनाचे लाडू भरून नेले. त्या केवढ्या हसल्या. त्यांनी दिलेला डबा आजवर कुणी परतच आणला नव्हता म्हणे. तेव्हापासून दर डिसेंबरला तो इकडून तिकडे फिरतोय.

लोकांना ख्रिसमस कशासाठी आवडतो कोण जाणे. झाडं, गाणी, सुट्टी असेल. मला आवडतो तो या दिवसांत कुणीतरी दार वाजवतं म्हणून. दिवाळीत इथे कोण येतं?

आज लाडू वळले, डबा भरला. ईरा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट मेल इट!"

करीन ना मेल. पण डबा पाठवायचा नसतो गं, नेऊन द्यायचा असतो. मघाशी सवयीने बर्फाचे बूट घातलेसुद्धा.